रिकाम्या चौकटीपाशी

एक्सेलमध्ये कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की कर्सर एका उडीत यादीच्या तळाला जातो. मध्ये रिकामी चौकट आली, तर मात्र तिच्या अलीकडेच थांबतो. आज कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाची यादी तपासताना तो ‘आईचे शिक्षण’ या रकान्यात सारखा अडत होता. शेजारच्या टेबलावरून सुनंदाताई म्हणाल्या, “अगं, रिकाम्या चौकटी एकदम निवड, ‘लागू नाही’ लिही, कंट्रोल-एंटर मार. जन्म घालवणारेस का यात?”

लागू कसं नाही? मी बटणावरचं बोट उचललं. उड्या मारत जायची सवय लागली, की मधल्या ओळींत माणसं आहेत हे ध्यानातच राहत नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, हे मी ताठ मानेनं सांगते. पण माझ्या फॉर्मवर ही जागा मीच रिकामी सोडली होती. आई कधी शाळेत गेली नाही, हे लिहायला हात धजला नव्हता.

पहिली रिकामी चौकट जिच्या नावापुढे होती, त्या मुलीला मी फोन लावला. आईचं शिक्षण विचारल्यावर ती हळूच म्हणाली, “मॅडम, आई शेजारीच बसलीय. नंतर सांगू का?”