कडेला की मधोमध?

नाशिक जिल्ह्यात कांद्यावर जगणारी माणसं गावोगाव सापडतील, पण एका कांद्यावर अख्खी नववी तगवणाऱ्या आमच्या विज्ञानाच्या बाईच. नव्वदच्या दशकात मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, तोही हेडमास्तरांच्या कपाटात मखमली कापडाखाली, तपासणीच्या दिवशी मांडण्यापुरता. बाईंनी रुजू झाल्या महिन्यातच त्या कपाटाची किल्ली मागून घेतली, ती निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. त्यांचा हट्ट एकच: स्वतःच्या डोळ्यानं पेशी पाहिल्याशिवाय नववीतलं एकही मूल दहावीत जाता कामा नये.

पेशीचा धडा आला की भूगोल, पीटी आणि माझं व्याकरण यांचे तास बाई खुशाल घशात घालत. खिडकीतल्या उन्हाकडे आरसा वळवून सूक्ष्मदर्शक मांडलेला, काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा, त्यावर आयोडीनचा थेंब, आणि दारापर्यंत मुलांची रांग. ढग आला की बाई ढगावर रागवायच्या. उरलेला कांदा मधल्या सुट्टीत आमच्या भेळेत पडायचा. मला कच्चा कांदा आवडत नाही, मी तो बाजूला काढायचो. "सर, एवढ्या पेशी वाया घालवता?" असं म्हणून बाई तो माझ्या कागदावरून उचलून खाऊन टाकायच्या.

मागून ढकलाढकल चाललेली, तेव्हा क्षणभर डोळा लावून "दिसलं, बाई!" म्हणायचं आणि सटकायचं, ही मुलांची जुनी रीत. बाईंनी त्यावर इलाज काढला होता. "केंद्रक कुठंय? कडेला की मधोमध?" पुस्तकातल्या आकृतीत ते मधोमध होतं. कांद्याच्या पेशीत मात्र ते बहुतेक वेळा कडेला सरकलेलं असतं. "मधोमध" म्हणणारा थेट रांगेच्या शेवटी. मनमाडहून आत्याकडे शिकायला आलेली एक मुलगी चारदा मागं गेली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, मला तर नुसता काळ्या कडेचा गोल दिसतोय." तो हवेचा बुडबुडा होता. बाईंनी तिची पाठ थोपटली. "बुडबुडा का होईना, दिसला तोच सांगितलास," म्हणाल्या आणि तिच्यासाठी नवी काचपट्टी केली.

एकदा त्यांनी मलाही बसवलं. मी डोळा लावला, धुकं पाहिलं आणि ऐटीत म्हणालो, "वा! अगदी मधोमध!" बाई नुसत्या हसल्या. पण पुढं कित्येक वर्षं स्टाफरूममध्ये मी काही ठासून सांगितलं की कोपऱ्यातून आवाज यायचा, "मधोमध का, सर?"

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. शाल तशीच खांद्यावर टाकून बाई मला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. "पेशी पाहायचे तुम्ही एकटेच राहिलात, सर." मी डोळा लावला. पुन्हा तेच धुकं. खोटं बोलायला जीभ वळेना.

"बाई, मला काहीच दिसत नाही."

"बोललात एकदाचे खरं!" त्यांनी आरसा उन्हाकडे वळवला, स्क्रू हलकेच फिरवला. आणि विटांच्या भिंतीसारख्या पेशी समोर आल्या, प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका. एवढी वर्षं हे मी बाजूला काढत होतो. मला फार लाज वाटली, आणि फार आनंदही झाला.

"कडेला," मी म्हणालो.

"मग आता मी जायला मोकळी," बाई म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली माझ्याच हातात ठेवली.

नवे विज्ञानशिक्षक येईपर्यंत त्या वर्षीच्या नववीला पेशी मी दाखवली. ढगावर रागवायलाही शिकलो. भेळेतला कांदा मात्र आता माझा मलाच खावा लागतो.