बापूकाकांनी होस्ट निवडला

देवळाच्या पायऱ्यांशी चपला साचतात तसे आमच्या घरात किस्से साचतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण संध्याकाळी बघावं तर ढीग! हे सगळे एका ईमेलपायी साचलेले.

आम्ही तुळजापूरचे पुजारी. म्हणजे पूजा बापूकाका करतात; मी त्यांचा पुतण्या, शाळेत मास्तर. आमची यजमान घराणी पिढ्यान्‌पिढ्यांची, पण त्यांची पोरं आता जगभर पांगलीत आणि पूजा मेलवर सांगतात. पुण्याच्या एका यजमानानं तर काकांना घराण्याच्या नावाचं डोमेनच, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, भेट दिलं. देवीला ओटी, पुजाऱ्याला डोमेन! त्यावरचे मेल सांभाळणारी कंपनी, म्हणजे होस्ट, शोधायचं काम माझ्याकडं आलं. काकांनी एकच बजावलं, "मेल चुकला म्हंजी पूजा चुकली. मानूस भरवशाचा बग."

*

पहिला होस्ट डोमेनसोबत फुकट मिळालेला. काकांनी सगळ्या यजमानांना एकदम मेल धाडला: आई भवानीचे आशीर्वाद! एकाचंही उत्तर नाही. काही दिवसांनी सोलापूरहून फोन आला, "काका, तुमचा आशीर्वाद स्पॅममध्ये पडला होता!"

स्पॅम म्हणजे काय, ते मी समजावून सांगितलं. काका ताठ झाले. "भामटे, लॉटरीवाले, अन् त्यांच्या पंगतीला देवी? त्याला आजच्या आज काढ!"

*

दुसऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, नव्याण्णव पॉइंट नाइन टक्के अपटाइम!"

"मंग उरल्यालं कवा बंद असतंय?"

"थोडा मेन्टेनन्स लागतो ना सर."

"असं करा. नवरात्राआधी आमची देवी मंचकावर निजती. तवा काय ते करून घ्या. घटस्थापनेला ती उठली की तुमचं मशीन चालू पायजे!"

मग तो हळूच म्हणाला, "सर, सीनियरना विचारून सांगतो." अजून विचारतोय बिचारा.

*

तिसऱ्या कंपनीत फोन एका मुलीनं उचलला. मी बॅकअपबद्दल विचारणार, तोच काकांनी फोन घेतला.

"बाळ, गाव कंचं तुझं?"

"नांदेडजवळचं, काका."

"कुळदैवत?"

"तुळजाभवानीच!"

"मंग पुजारी कोन तुमचे?"

तिला माहीत नव्हतं. झालं! मूळ गाव, आडनाव, आजोबा, पणजोबा... अर्ध्या तासानं काकांनी शोधून काढलं की ते घराणं आमच्या शेजारच्या पुजाऱ्यांचं यजमान. दुसऱ्याचा यजमान आपल्याकडं ओढायचा नाही हा आमच्यातला दंडक. काकांनी लगेच गॅलरीतनं हाक मारली, "अण्णा, तुमचा यजमान सापडला!"

बॅकअपचं विचारायचं राहूनच गेलं. शेवटी निकाल काकूंनी दिला. "परक्या म्हाताऱ्याशी जी पोरगी अर्धा तास गोड बोलती, तिची कंपनी भरवशाचीच असनार." तीच कंपनी ठरली.

*

पुढचा प्रसंग मात्र अंगावर आला. नवा होस्ट सुरू झाला तरी काही दिवस जुन्याकडची मेलपेटी बघत राहायची असते, कारण थोडे मेल तिकडंच पडतात. काकांना हे पटेना. "पाळी संपली की पुजाऱ्यानं गाभाऱ्यातनं भाईर पडायचं. एका पाळीला दोन पुजारी न्हाईत. जुन्याकडं वळून बघायचं न्हाय!" त्यांच्यापुढं कोण बोलणार?

पंधरवड्यानं जुनं खातं कायमचं बंद करायला म्हणून उघडलं, तर आत एक मेल. कॅनडाहून मेघनाताईंचा. मंगळवारी त्यांच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन, त्याच दिवशी देवीला अभिषेक करा. तो मंगळवार केव्हाच होऊन गेला होता.

मी वाचून दाखवलं आणि काकांनी तारीख पुन्हा वाचायला लावली. त्यांचा चेहरा मला बघवेना. काकू हळूच म्हणाल्या, "अभिषेक आज करा. तिला तिकडं काय कळतंय?"

"हिला कळतंय न्हवं," काकांनी देवघराकडं हात केला आणि फोन लावला.

"ताई, आमी होस्ट बदलला, तुमचा मेल जुन्याकडंच पडला, आज बघितला. अभिषेक झालाच न्हाय. चूक माझी हाय."

"पण काका... आई तर बरी आहे," मेघनाताई अडखळल्या. तेवढ्यात त्यांच्या हातून कुणीतरी फोन घेतला. त्यांच्या आई, सुमनबाई. आवाज बारीक, पण खणखणीत!

"काका, मेल लेकीनं केला होता. म्या ऑपरेशनच्या टेबलावरनं थेट भवानीशी बोलले, ते बराबर पोचलं. तुमी आता सावकाश अभिषेक करा, अन् देवीचा होस्ट कोन हाय तेवढं इचारून घ्या!"