मराठवाडा विरुद्ध कोकण, दर रविवारी

आमच्या येरमाळ्याच्या अभ्यासमंडळात अभ्यास किती झाला, हे कुणी विचारू नये. किस्से मात्र दर रविवारी एकावर एक चढत जातात. सांगायला बसलं की कुठला आधी सांगावा, तेच कळत नाही!

मंडळ निवृत्तांचं. दुपारी वाचनालयातल्या टीव्हीला लॅपटॉप जोडायचा. पडद्यावर पलीकडं रत्नागिरीकडचं तसंच एक मंडळ. विषय कायमचा: मराठवाडा आणि कोकण, समाज व राजकारण. लॅपटॉप माझा, म्हणून मी चिटणीस!

*

तिकडचे साळवीकाका एकदा कुरकुरले, "आमच्याकडे पावसाळ्यात पुस्तकांनासुद्धा बुरशी येते हो!"

आमचे नामदेवतात्या, आयुष्यभर शेती आणि मेंढरं केलेला माणूस. लगेच म्हणाले, "इकडं धाडा की! पापडावानी वाळवून परत करू. तेवढ्यात आमची वाचूनबी होतील!"

*

निवडणुकीवर चर्चा होती. काकांनी विचारलं, "उमेदवारात तुम्ही काय बघता?"

तात्या म्हणाले, "बघायचं काय? दोघंबी आमचे पाव्हणे. एक आईकडून, एक बायकूकडून."

"मग मत कुणाला?"

तात्यांनी आधी दाराकडं बघून घेतलं. "काका, आई जाऊन लई वर्षं झाली. आता सैपाक कोण करतंय, ते बघावं लागतंय!"

*

'राजकारणात स्त्रियांचा आवाज' या विषयावर आमचे अध्यक्ष, देशमाने गुरुजी, जे सुटले ते थांबेचनात. शेजारी शकूआक्का, गावच्या माजी सरपंच, मघापासून हात वर करून बसलेल्या. शेवटी त्या बोलायला उठल्या.

गुरुजी वैतागले. "आक्का, जरा थांबा! स्त्रियांना बोलू देत नाहीत, तोच मुद्दा चाललाय!"

*

मग एकदा खरंच बिनसलं. साळवीकाका बोलून गेले, "तुमच्याकडे माणसं सभेला भाषणासाठी नाही, जेवणासाठी येतात."

तात्या ताडकन उठले. "आमी काय भुकेनं मरतोय व्हय?" आणि निघून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्यावाचून मंडळ अगदी अळणी झालं.

काकांनाही ते लागलं असावं. गाड्या बदलत ते थेट आमच्या जवळच्या येडशी स्टेशनवर येऊन उतरले. घ्यायला तात्याच गेले. तोंड मात्र फुगलेलंच! संध्याकाळी गावात प्रचारसभा होती. तात्या एवढंच म्हणाले, "चला, डोळ्यानं बघा."

पुढाऱ्याचा पत्ता नव्हता. काका वही उघडून, ताठ बसून राहिले. दुपारपासून पोटात काही नाही, आणि मंडपामागून रटरटणाऱ्या आमटीचा वास. पुढारी आला, माइक खरखरला आणि काका उठले. "जरा पाय मोकळे करतो."

बराच वेळ झाला तरी काका येईनात. तात्या शोधत मंडपामागं गेले. काका पंगतीत मांडी घालून बसलेले, तिखटानं कपाळावर घाम, नाक वाहतंय आणि वाढप्यापुढं द्रोण धरलेला.

तात्या शेजारी टेकले. आल्यापासून पहिल्यांदाच मायेनं म्हणाले, "काका, भाषण कसं काय वाटलं?"

काकांनी आमटीत भाकरी चुरत विचारलं, "कुणाचं?"