सेक्रेटरींचा पेढा गोड लागेना

मंडळी, आज दुपारी औषधाच्या दुकानात गुडमारच्या गोळ्यांची बाटली दिसली आणि मी एकटीच हसले.

नव्वदच्या दशकातली, नवीन पनवेलची गोष्ट. चांगुणाबाई ही कातकरी बाई आमच्या सोसायटीच्या गेटवर रानपाला विकायची. त्यात गुडमारही असायचा. तिच्याकडे तो पिढ्यानपिढ्या मधुमेहावर देत. एका सकाळी सेक्रेटरींनी "थोतांड विकतेस!" म्हणत तिची पाटी गटारात ओतली आणि पुन्हा बसायचं नाही, असं बजावलं.

माझं डोकं फिरलं. रविवारी त्यांच्याकडे मुलगा पास झाल्याचे पेढे होते. मी चांगुणाबाईला गेटवर बोलावून ठेवलं आणि सेक्रेटरींच्या हातावर गुडमारचं एक पान ठेवलं.

"काका, थोतांडच आहे. चावून बघा."

त्यांनी ऐटीत चावलं. मग पेढा तोंडात टाकला.

"अगं, ही तर माती!"

या पानातलं जिम्नेमिक आम्ल जिभेला काही वेळ गोड कळूच देत नाही. मला ते माहीत होतं.

"चव परत येईल ना गं?"

"मला काय ठाऊक? चांगुणाबाईला विचारा."

अख्ख्या बिल्डिंगसमोर ते गेटपर्यंत गेले. "बाई, चव येईल ना?"

चांगुणाबाईने त्यांना नीट न्याहाळलं. "येल की. पन आमी कुठं बसायचं, ते आदी सांगा."

"बस बाई, इथंच बस!"

तासाभरात चव आली. मला आजही जराही वाईट वाटत नाही. तुम्ही असतात, तर चव परत येते हे आधीच सांगून टाकलं असतं?