विहिरीवरच्या पोफळीचा आउटपुट

आउटपुट हा शब्द मला कंपनीने दिला. पगार, बोनस आणि पाठदुखी हेही तिनेच दिलं, पण निवृत्तीनंतर टिकलं ते एवढंच, पाठदुखी आणि हा शब्द. रोह्याजवळच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं प्रॉडक्शन खात्यात काढली. तिथे सकाळी भेटल्यावर "काय, बरं आहे ना" असं कोणी विचारत नसे. "रात्रपाळीचा आउटपुट किती?" असं विचारत. मराठीत उत्पादन हा चांगला शब्द आहे, पण तो सरकारी फलकावर असतो. उत्पन्न तलाठ्याच्या दाखल्यावर असतं. आमच्या वाडीत तर "यंदा बरं धरलंय" एवढ्यावर भागतं. आउटपुट मात्र मी कुठेही वापरला. मुलीच्या दहावीच्या वर्षी तिला विचारलं होतं, रोज चार तास बसतेस, त्याचा आउटपुट काय. गणपतीत बायको मोदक वळत असताना घड्याळ लावून तिचा ताशी आउटपुट काढला होता. त्या वर्षी माझ्या पानात फक्त फुटलेले मोदक आले.

अशा तयारीचा माणूस दिवेआगरला वाडीत कायमचा राहायला आला. चक्रीवादळाला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. आडव्या पडलेल्या पोफळी उचलून झाल्या होत्या, पण जिथे भर दुपारी दिवा लावावासा वाटायचा तिथे ऊन सरळ जमिनीवर पडत होतं, आणि ते मला बघवत नव्हतं. वडिलांना बघवत होतं की नाही, कोण जाणे. ते निवृत्त शाळामास्तर, वय शहाऐंशी. ते न्हाणीच्या पाण्यावर, केळीच्या सावलीत एक वाफा करून दर वर्षी सुपारीची रोपं काढत होते आणि पावसात एकेक ओळ लावत होते. "विहिरीपासून कुंपणापर्यंत भरून काढतो, मग बघू," असं ते म्हणत. मग म्हणजे काय, ते आम्ही कोणी विचारत नव्हतो.

मी आल्या आल्या उरलेल्या पोफळींवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातले आणि एक वही केली. झाडाचा नंबर, काढणीची तारीख, आउटपुट. वडिलांनी चष्मा लावून वही पाहिली आणि माझं अक्षर सुधारलंय म्हणाले. पहिल्या वर्षाच्या शेवटी हिशेब लागला तेव्हा सतरा नंबरसमोर शून्य होतं. सतरा नंबर म्हणजे विहिरीवरची पोफळ, वाडीतली सगळ्यांत देखणी. कारखान्यात असं मशीन सापडलं असतं तर मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो असतो.

दुसऱ्या वर्षी ऐन काढणीच्या आधी वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन करावं लागलं. चार दिवस हॉस्पिटलात होतो. तिथल्या सिस्टरने माझ्या हातात एक तक्ता दिला आणि पिशवीत किती लघवी जमते ते दर दोन तासांनी लिहायला सांगितलं. तक्त्यावर छापलं होतं, आउटपुट. मला आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी इतक्या हौसेने आकडे भरले की सिस्टरने माझा तक्ता शेजारच्या खाटेवाल्यांना दाखवला. वडील पडल्या पडल्या म्हणाले, "निदान हे तरी वहीत उतरवू नकोस."

घरी आल्यावर त्यांना तीन आठवडे मागच्या वाडीत जायची बंदी होती. काढणीची सगळी सूत्रं माझ्या हातात आली. पोफळीवर चढणारा आमचा गडी पंचवीस वर्षं आमच्याकडे येतो. या झाडाचा शेंडा झोकावून त्या झाडावर जाणारा माणूस, हल्ली मधली झाडं नसल्याने दर वेळी खाली उतरायला लागतं म्हणून वैतागलेला. सतरा नंबरपाशी तो थांबला.

"भाऊ, ती बियाची हाय," तो म्हणाला. "आप्पांना इचारलंव का?"

मी त्याला वही दाखवली आणि शून्य दाखवलं. सगळी झाडं मला सारखी, असंही काहीतरी बोललो. त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चढला. घड अजून पिवळटच होते. त्याने ते वरून सोडले आणि ते बदाबद खाली पडले. संध्याकाळी सतरा नंबर आख्ख्या वाडीत पहिला आला होता.

ही बातमी मी चहाबरोबर वडिलांना दिली. ते बशी खाली ठेवून म्हणाले, "विहिरीवरची पाडलीस?" आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण लहानपणी त्या झाडाचे घड दोरीने उतरवताना खालून दोरीचं टोक मीच धरत असे. बियाची सुपारी झाडावर पुरती लाल पिकू देतात. ती आपटू देत नाहीत, खळ्यात वाळत घालत नाहीत, विकत नाहीत. जो मागायला येईल त्याला ओंजळभर देतात. म्हणूनच ती माझ्या वहीत कधी आली नव्हती. वाडीतल्या वाचलेल्या निम्म्या पोफळी तिच्याच बियांच्या होत्या, आणि मी तिला शून्य दिलं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्या वर्षीचा वाफा रिकामा राहणार होता, आणि त्या वयाच्या माणसाला पुढच्या वर्षी बघू म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं.

तरी तीस वर्षांचा अनुभव गप्प बसेना. मी त्या सुपाऱ्या गवतात पिकत घातल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. मग बादली घेऊन बसलो. पिकलेली सुपारी पाण्यात सोडली की काही आडव्या तरंगतात, काही देठाचं तोंड वर करून उभ्या राहतात. उभी राहील ती बियाची. माझ्या साडेतीनशेच्या साडेतीनशे आडव्या झोपल्या. बायको न्हाणीत जाता-येता बघत होती. तिसऱ्यांदा म्हणाली, "आउटपुट काय?"

चौथ्या दिवशी वडील आपण होऊन बोलले. खाडीपलीकडे त्यांचा एक जुना विद्यार्थी आहे, त्याने फार वर्षांपूर्वी आपल्याकडून बी नेलं होतं, त्याच्याकडे जा, म्हणाले. "आणि काय झालं ते खरं सांग."

दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला जाताना मी दोन-तीन बऱ्या सबबी तयार केल्या. वादळ, माकडं, गड्याची चूक. विद्यार्थी स्वतः सत्तरीचा निघाला. त्याची वाडी डोंगराच्या आडोशाला, त्यामुळे बरीचशी वाचलेली. त्याने ओटीवर बसवून सरबत दिलं आणि गुरुजींची तब्येत विचारली. माझ्या सबबी घशातच राहिल्या. बियाची सुपारी मी वहीसाठी पाडली, असं मी सांगून टाकलं.

तो मोठ्याने हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. मला वाडीत घेऊन गेला आणि हात फिरवून म्हणाला की इथून तिथपर्यंत सगळं गुरुजींचं बी, आणि यातून पुढे कोणाकोणाकडे गेलं ते त्यालाही सांगता येणार नाही. त्याने लाल पिकलेले दोन घड दोरीने उतरवले. खाली दोरीचं टोक मी धरलं.

परतल्यावर वडील पाटावर बसले आणि बादलीत एकेक सुपारी सोडायला लागले. बहुतेक उभ्या राहिल्या. त्यांनी प्रत्येक सुपारी उचलून धोतराला पुसली, आणि मग आम्ही न्हाणीलगतच्या वाफ्यापाशी गेलो; तेवढ्याला बंदी नव्हती. ते मातीत बोटाने खळगा करत होते, मी एकेक सुपारी देत होतो.

"आप्पा, ही धरणार कधी?" तोंडातून गेलंच.

"सात-आठ वर्षं."

मी मनात बेरीज केली, आणि मी ती करतोय हे त्यांना दिसलं.

"माझ्या वयात मिळवू नकोस," ते म्हणाले. "मला कुठे मोजायच्यात? तुला वहीत लिहायला काहीतरी नको का पुढे?"

मी पुढची सुपारी त्यांच्या हातात दिली, देठ वर करून.