उशी पाणी पीत न्हाय

जपानी लोक मूळचे आमच्या मामांच्या गावचे, निरवांगीचेच, हे मामांनी इतक्या वेळा सिद्ध केलं होतं की शेवटी शेवटी आम्ही वाद घालणंच सोडून दिलं. नव्वदीच्या सुमाराला बारामतीत जपानी कारखाना येणार अशी आवई उठली. साहेबांना दुभाषा लागणारच, म्हणून मामांनी पुण्याच्या रद्दीतून जपानी शिकवणारं जाडजूड पुस्तक आणलं. कारखाना काही आला नाही. पुस्तक मात्र मामांच्या काखेतून हलेना. व्याकरणाचे नियम पाठ करणं त्यांना मान्य नव्हतं. वाक्य पाठ करावं, नियम मागनं आपसूक येतो, म्हणायचे. पुस्तकातली वाक्यं बर्फाची आणि आगगाडीची. मामांनी त्यांत ऊस, बैल आणि विहिरीवरची मोटार घुसवली. जपानीतही क्रियापद शेवटी, होकाराला 'हाय' आणि नकाराला 'नाय'. आता बोला! "बुद्ध त्यांचाबी, आपलाबी. बोलीबी एकच. सोयरं जरा लांब गेल्यात, एवढंच."

मी इंदापूरहून एस.टी.नं गेलो की आधी परीक्षा, मग चहा. एकदा हौदापाशी उभे राहून मामा गंभीरपणे म्हणाले, "उशी वा मिझु ओ नोमानाय." उशी म्हणजे बैल, आणि तो पाणी पीत नाही, एवढाच मजकूर. पण चुलीपाशी बसलेल्या मामीला तेवढी उशीच ऐकू आली.

"अहो, उशी कशाला पाणी पिईल?"

गावातल्या बायका नवऱ्याला 'आवं' म्हणत. मामी बारामतीची, तिचं 'अहो' अगदी स्वच्छ, 'ह'सकट. मामा गालातल्या गालात हसले, मला गोठ्यामागं घेऊन गेले आणि पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दार्थांवर बोट ठेवलं. जपानीत 'आहो' म्हणजे मूर्ख.

"तिला सांगू नगंस. कळलं तर लाजंल, आन् हाक मारायची थांबंल."

मी कधीच बोललो नाही. मामी दिवसभर हाका मारायची आणि हा गृहस्थ प्रत्येक हाकेला खुशीत 'हाय' म्हणायचा.

पुढं मामी अचानक गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तर परीक्षा झालीच नाही. पुस्तक फळीवर होतं. शेवटी मीच विचारलं, नवीन वाक्य काही? मामांनी हौदाकडं बघितलं. बैल निवांत पाणी पीत होता. मग त्यांनी हळू आवाजात जपानीत काहीतरी म्हटलं, आणि मला कळावं म्हणून मराठीत सांगितलं,

"मला येडा म्हणणारं आता कुणी न्हाय."