निरोगी बायका पाहिजेत

रामदासपेठेतल्या एका प्रयोगशाळेत मी रक्ताचे नमुने घेते. मध्यंतरी आमच्याकडे एक संशोधन सुरू झालं. स्तनाचा कर्करोग असलेल्या बायकांच्या रक्तात काही प्रथिनं कमीजास्त सापडतात का, ते पाहायचं होतं. तुलनेला निरोगी बायकांचंही रक्त लागणार होतं, आणि नेमक्या त्याच मिळत नव्हत्या. धडधाकट असताना सुई टोचून घ्यायला कोण येतं?

घरी जेवताना मी हे सहज बोलले. आईचा हात ताटातच थांबला.

"मंग मले काहून नाही विचारलं वं? मी काय बिमार दिसून राहिली?"

शनिवारी सकाळी आमच्या बेसा भागातून एकाच ऑटोत सहा जणी येऊन उतरल्या. आई आणि तिच्या गल्लीतल्या मैत्रिणी, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून! फोटो निघणार, असं आईनं परस्पर सांगून टाकलं होतं. मी संमतीपत्र वाचून दाखवलं. हे रक्त फक्त कॉलेजातल्या अभ्यासासाठी आहे, रिपोर्ट मिळणार नाही, असंही सांगितलं.

"म्हणजे चौथीत शाळा सोडली मी," शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अन् माहं रक्त चाललं कॉलेजात!"

खोलीभर हशा पिकला. मला सुई धरणं मुश्कील झालं.

बाकीच्या चहाला गेल्या तरी मावशी खुर्चीतून उठल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "पोरी, डाव्या बाजूले गाठ लागते हाताले. दोन महिने झाले. तुह्या या रक्तात समजते का?"

"नाही मावशी. यातून अजून काही सांगता येत नाही. आपण आत्ताच डॉक्टरांना दाखवू."

मी त्यांना हात धरून नेलं. मॅमोग्राफी झाली, गाठीचा तुकडा तपासायला गेला. कर्करोगच निघाला, पण गाठ लहान होती, पसरलेली नव्हती. मावशींनी रडण्याआधी पहिला प्रश्न विचारला, "मंग माहं रक्त फेकलं का?"

"फेकलं नाही. उपचाराच्या आधीचं आहे म्हणून उलट जास्त कामाचं. फक्त निरोगींऐवजी आजारी बायकांच्या गटात जाईल. तुमची सही लागेल."

त्यांनी चष्मा मागवून ठळक सही केली. मग मात्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून भरपूर रडल्या.

ऑपरेशन झालं, पुढचे उपचारही झाले. पाचही मैत्रिणींनी पाळी लावून डबे पोचवले. आईचं वांग्याचं भरीत तेवढं मावशींनी तिखट कमी म्हणून परत पाठवलं. आई दोन दिवस फुगून बसली होती.

गेल्या महिन्यात डॉक्टर मावशींना म्हणाले, "छान आहे सगळं. आता एकदम सहा महिन्यांनी या." बाहेर येऊन मावशींनी आम्हा सगळ्यांना गाडीवर झणझणीत रस्सा घातलेले तर्री-पोहे खिलवले. घाम पुसत, नाक ओढत, भर रस्त्यात सात बाया हसत होत्या. पोहेवाल्यानं विचारलं, "काय, लग्न जमलं का कोणाचं?"

"नाही गा," मावशी म्हणाल्या, "तू तर्री टाक अजून."